थांब्यावर वसलेले गाव : इगतपुरीचा प्रकरण अभ्यास

मुंबईहून नाशिककडे जाणारी मेल-एक्स्प्रेस कसारा सोडते तेव्हा तिच्या शेपटीला जादा इंजिने जोडलेली असतात. पुढचे इंजिन ओढते, मागची रेटतात, आणि पंधरा किलोमीटरचा घाट संपवून गाडी इगतपुरीच्या फलाटाला लागली की मागची इंजिने सोडवली जातात. शेवटच्या डब्याच्या मागे एक माणूस रुळांत उतरतो, ब्रेकच्या नळ्या वेगळ्या करतो, कपलिंग सोडवतो आणि हात वर करतो. इंजिने दोन हात मागे सरकतात आणि गाडी पुढे निघून जाते. रेल्वेच्या भाषेत या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. तेवढ्या चार-पाच मिनिटांत फलाटावर वडापाव, चहा आणि हंगामात करवंदे-जांभळे खपतात, आणि गाडीतला प्रवासी इगतपुरी ओळखतो ती बहुधा या चार-पाच मिनिटांपुरतीच.

मुंबईपासून लोहमार्गाने १३६ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असलेले हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव रेल्वेने घडवले, हे कोणीही सांगेल. रेल्वे आली, बाजार वाढला, शाळा-दवाखाने आले अशी गोष्ट महाराष्ट्रातल्या निम्म्या स्टेशनांची सांगता येईल आणि तिच्यातून हाती फारसे काही लागत नाही. इगतपुरीच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. गाड्यांना इथे थांबणे भाग का पडले, ती कारणे एकामागून एक कशी नाहीशी होत गेली, आणि थांबणे हेच ज्याचे भांडवल त्या गावाने त्या प्रत्येक वेळी काय केले, हे पाहण्यासाठी हे प्रकरण घेतले आहे.

घाटाआधीचे स्टेशन

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची ‘जीआयपी’, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत, पुढल्या वर्षी कल्याणपर्यंत आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत पोहोचली. त्यापुढे सह्याद्रीची भिंत होती. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी ही भिंत दोन ठिकाणी ओलांडण्याचा आराखडा केला : पुण्याच्या बाजूला बोरघाट आणि नाशिक-खानदेशच्या बाजूला थळ घाट. दोन्हींत थळ घाट धाकटा. बोरघाटाची लांबी पावणेसोळा मैल आणि चढण १,८३१ फूट, तर थळ घाटाची लांबी सव्वानऊ मैलांहून किंचित अधिक आणि चढण ९७२ फूट. पण सर्वांत अवघड भागातील उतार दोन्हीकडे सारखाच, ३७ फुटांमागे एक फूट. कागदोपत्री ‘थळ’ असला तरी लोकांच्या तोंडी हा कसारा घाटच आहे.

घाटाचे काम १८५७ मध्ये सुरू झाले आणि रूळ जोडले गेले ते १ जानेवारी १८६५ रोजी. आश्चर्य वाटेल अशी गोष्ट मधल्या काळातली आहे. घाट पुरा होण्याची वाट न पाहता कंपनीने घाटमाथ्यावरची लाईन आधीच टाकून घेतली. इगतपुरी ते नाशिक हा मार्ग १८६१ मध्येच सुरू झाला आणि त्याच वर्षी तो चाळीसगावपर्यंत व पुढे १८६३ मध्ये भुसावळपर्यंत गेला. म्हणजे चार वर्षे इगतपुरी हे मुंबईशी रुळांनी न जोडलेल्या रेल्वेचे पहिले स्टेशन होते. वरच्या लाईनवर चालणारी इंजिने आणि डबे घाटाच्या रस्त्याने वर चढवावे लागले. खाली कसारा, वर इगतपुरी, आणि मधला प्रवास बैलगाडीने, डमणीने किंवा पायी.

ही चार वर्षे कोणती होती हे ध्यानात घेतले पाहिजे. १८६१ ते १८६५ हा अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. वरच्या रेल्वेने इगतपुरीपर्यंत आलेली प्रत्येक गासडी तिथे उतरवायची, गाडीत घालून घाट उतरवायची आणि कसाऱ्याला पुन्हा डब्यात भरायची, हाच क्रम होता. रूळ जोडले गेले त्याच वर्षी युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. इगतपुरीच्या वाढीचा पाया रेल्वे येण्याने घातला गेला असे म्हणतात ते खरे आहे, पण अधिक नेमके सांगायचे तर तो घातला गेला रेल्वे अर्धवट राहण्याने. पुढच्या दीडशे वर्षांत हेच सूत्र पुन्हा पुन्हा आढळते, म्हणून ते इथेच नोंदवून ठेवतो.

पाणी, कोळसा आणि माणसे

घाट जोडला गेल्यावर इगतपुरीचा थांबा संपला नाही, उलट पक्का झाला. ३७ ला १ चा चढ चढून आलेल्या वाफेच्या इंजिनाचे पाणी आणि कोळसा संपत आलेला असे, राख साठलेली असे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि चाके घाटात सोडण्यापूर्वी तपासावी लागत. शिवाय घाटाच्या मूळ आखणीत एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. डोंगराच्या कड्यावर वळण घ्यायला जागा नसल्याने गाडी एका सपाट पट्टीवर जाऊन थांबे, तिचे तोंड होते तिकडे शेपूट होई आणि ती उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घाटाची फेरआखणी होऊन ही उलटापालट बंद झाली, पण घाटातल्या सिग्नल केबिनींना ‘टीजीआर’ (थळ घाट रिव्हर्सिंग) हे नाव चिकटून राहिले. त्यातला ‘आर’ त्या बंद पडलेल्या रिव्हर्सिंगचा आहे.

या कामांसाठी इंजिन शेड आली, दुरुस्तीच्या जागा आल्या आणि त्यांच्यामागून माणसे आली. रेल्वेचे गाव म्हणजे केवळ स्टेशन नव्हे; ती एक उतरंड असते. वर अँग्लो-इंडियन आणि युरोपीय ड्रायव्हर-गार्ड, त्यांचे बंगले, चर्च, इन्स्टिट्यूट. खाली आगवाले, खलाशी, सांधेवाले, गँगमन आणि त्यांच्या चाळी. कोकणातून, देशावरून, गोव्यातून आणि उत्तरेकडून आलेली कुटुंबे एका घंटेवर चालत. ड्यूटीवरच्या माणसाला घरी जाऊन उठवणारा ‘कॉलबॉय’ हा अशा वस्तीतला सर्वांना ठाऊक असलेला माणूस. रात्री दोन वाजता त्याने दार वाजवले की शेजारच्या चार घरांनाही कळे, कोणाची कोणती गाडी आहे. मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेले युरोपीय लोक इथे हवापालटासाठीही येत, पण महाबळेश्वर-माथेरानसारखे हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले गेले नाही. इथली हवा ही वरकमाई होती, पगार रेल्वेचा होता.

या जागी गावाच्या रचनेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आजच्या अडचणी तिच्यातून निघतात. लोहमार्ग, यार्ड, शेड आणि वसाहत यांनी गावाच्या ऐन मध्यावरची सपाट जमीन घेतली. घाटमाथ्यावर सपाट जमीन मुळातच थोडी, त्यात डोंगर आणि ओढे. त्यामुळे नगरपालिकेच्या वाट्याला आले ते कडेचे चढउतार. रेल्वेचा कारभार भरात होता तोवर हे कोणाला खुपले नाही, कारण रेल्वेच्या हद्दीतला माणूसच बाजारात पैसे खर्च करत होता. पुढे मनुष्यबळ आटले तरी जमिनीची मालकी होती तिथेच राहिली.

तार आली, तरी इंजिन बदलायचे राहिले

मुंबईत विजेची पहिली गाडी १९२५ मध्ये धावली आणि १९३० पर्यंत विजेची तार घाट चढून इगतपुरीला आली. घाटात विजेचे महत्त्व मुंबईहूनही अधिक होते. मालगाड्यांसाठी आणलेली ईएफ-१ जातीची इंजिने सांध्यांवर वळणाऱ्या अंगाची आणि चाकांना बाहेरून दांडे असलेली होती. परदेशातल्या रेल्वेप्रेमींनी त्यांना ‘मगर’ म्हटले, आपल्या लोकांनी ‘खेकडा’. दांडे हलवत वळणावर अंग मोडून जाणारे ते धूड ज्यांनी पाहिले आहे त्यांना आपले नाव अधिक चपखल वाटेल. उतरताना ही इंजिने स्वतः वीज तयार करून तारेत परत सोडत आणि त्यातूनच गाडीला आवर घातला जाई.

वीज आली म्हणजे पाणी-कोळशाचा थांबा सुटला, आता गाव ओस पडणार, असे कोणाला वाटले असते तर ते चूक ठरले असते. कारण तार इगतपुरीलाच संपली. पुढे भुसावळपर्यंत वाफच होती. त्यामुळे प्रत्येक गाडीचे विजेचे इंजिन इथे काढायचे आणि वाफेचे लावायचे, आणि उलट बाजूने येणाऱ्या गाडीचे उलट. १९३० पूर्वी इगतपुरी हे घाटामुळे थांबायचे ठिकाण होते. त्यानंतर घाट आणि इंजिनबदल अशी दोन कारणे झाली. शेड एकाऐवजी दोन तऱ्हांच्या इंजिनांची, कारागीर दोन तऱ्हांचे आणि चालकांचे जथेही दोन.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस वीज पुढे भुसावळकडे गेली, तरीही थांबा सुटला नाही, आणि त्याचे कारण सामान्य प्रवाशाला समजावून सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. मुंबईची जुनी वीज १,५०० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होती. मधल्या काळात भारतीय रेल्वेने नव्या कामांसाठी २५,००० व्होल्टची एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज, स्वीकारली होती. इगतपुरीच्या पश्चिमेला एक वीज, पूर्वेला दुसरी. डीसीचे इंजिन एसीच्या तारेखाली चालत नाही, एसीचे डीसीखाली चालत नाही. म्हणून वाफ गेली, धूर गेला, पण इंजिन बदलण्याचा सोहळा तसाच चालू राहिला, आणि आणखी तीन दशके तो चालला. रात्रीच्या गाडीत अचानक दिवे मंद होऊन पंखे थांबले आणि बाहेरून हातोडीचे ठोके व माणसांच्या हाका ऐकू आल्या की वरच्या बाकावरचा माणूस डोळे न उघडताच म्हणे, ‘इगतपुरी आली.’

पाऊण शतकाचा हा काळ गावाचा खरा भराचा काळ. मुंबई विभाग आणि भुसावळ विभाग यांची हद्दही इथेच असल्याने चालक आणि गार्ड बदलण्याचे कामही इगतपुरीलाच. मैदान आणि घाट, वाफ आणि वीज, डीसी आणि एसी, एक विभाग आणि दुसरा विभाग, असे रेल्वेचे जेवढे सांधे तेवढे थांबे, आणि जेवढे थांबे तेवढे पगार.

सांधे बुजू लागले

हे सांधे बुजवण्याचे काम १९९७ च्या सुमारास सुरू झाले. भेलने बनवलेली डब्ल्यूसीएएम-३ ही दोन्ही विजांवर चालणारी इंजिने मध्य रेल्वेवर आली आणि मुंबईहून निघालेले इंजिन इगतपुरीला न सुटता पुढे जाऊ लागले. त्यानंतर रेल्वेने मुळालाच हात घातला : डीसी काढून सगळीकडे एसी करायची. इगतपुरी-कसारा हा घाटाचा टप्पा २००६ मध्ये एसी झाला, मग बदल टप्प्याटप्प्याने खाली सरकत गेला आणि २०१५ मध्ये मुंबईच्या मुख्य मार्गावरचा शेवटचा डीसी तुकडाही संपला. १९३० पासून इगतपुरीत असलेली विजेची सीमा आधी कसाऱ्याला ढकलली गेली आणि मग नाहीशी झाली.

रेल्वेच्या दृष्टीने हा निखळ फायदा होता आणि प्रवाशाच्या दृष्टीनेही. गाव मात्र कोणत्याही एका दिवशी उजाड झाले नाही, आणि म्हणूनच या बदलावर मोर्चा निघण्यासारखे काही घडले नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरली गेली नाही. नवा माणूस आला तो कल्याण किंवा नाशिकहून जाऊन-येऊन नोकरी करू लागला. क्वार्टर रिकामी पडली, तिच्या कौलांवर शेवाळ चढले. इथे पाऊस इतका असतो की न वापरलेले घर दोन पावसाळ्यांतच हार मानते. १९७५ मध्ये सुरू झालेली पंचवटी एक्स्प्रेस आणि तिच्यासारख्या गाड्यांनी इगतपुरीकरांना मुंबई-नाशिकला रोज जाऊन येण्याची सोय दिली, हे खरे. पण पास काढून बाहेर कामाला जाणारी माणसे आणि गावातच ड्यूटी करणारी माणसे यांच्या खर्चाने बाजाराला येणारा रंग वेगळा असतो.

मुंबईची लोकल कसाऱ्यालाच संपते ही याच प्रश्नाची दुसरी बाजू. उपनगरी गाडी इगतपुरीपर्यंत न्यावी ही मागणी जुनी आहे आणि ती प्रत्येक वेळी ३७ ला १ च्या चढावर येऊन अडते. घाटाने इगतपुरीला थांबा दिला, पण त्याच घाटाने तिला मुंबईचे उपनगर होऊ दिले नाही. कसाऱ्यापर्यंत जे पसरत आले आहे ते वर चढले नाही, हे नुकसान की नशीब, यावर गावातही दोन मते ऐकू येतात. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे.

घोटीकडे पाहिल्यावर

कोणत्याही प्रकरणात शेजारी ठेवून पाहायला काहीतरी लागते. इगतपुरीच्या बाबतीत ते घोटी. आठ-नऊ किलोमीटरवरचे हे गाव तालुक्याचे ठिकाण नाही, तिथे बँकर सुटत नाहीत, मोठ्या गाड्या थांबत नाहीत. पण मुंबई-आग्रा महामार्ग, सिन्नरकडे जाणारा रस्ता आणि वैतरणेकडून त्र्यंबकला जाणारा रस्ता तिथे मिळतात, आणि तालुका भाताचा असल्यामुळे भात भरडणाऱ्या गिरण्या, धान्याचा व्यापार आणि आठवड्याचा बाजार तिथे जमला. इगतपुरीत पैसा पगाराच्या तारखेला येई, घोटीत तो सुगीला येतो. पगार देणाऱ्याने हात आखडता घेतला तेव्हा इगतपुरीचा बाजार ओसरला. घोटीचा बाजार आसपासच्या शंभर खेड्यांवर उभा असल्यामुळे कोणा एकाच्या निर्णयावर तो अवलंबून नव्हता. तालुक्यात नंतर आलेले कारखानेही, इगतपुरीतला महिंद्रचा कारखाना सोडल्यास, बहुतांशी नाशिकच्या बाजूला गोंदे-वाडीवऱ्हेच्या पट्ट्यात, म्हणजे रुळांच्या नव्हे तर महामार्गाच्या काठी गेले.

या तुलनेतून एवढेच म्हणता येते की इगतपुरीने आपल्या मुलखाशी व्यापाराचे नाते फारसे बांधले नाही. आजूबाजूच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमधला माणूस इगतपुरीला आला तो बहुधा कचेरीत, दवाखान्यात किंवा फलाटावर टोपली घेऊन. भात मात्र घोटीला गेला.

थांबण्याचे नवे प्रकार

रेल्वेच्या बाहेर गावाला मिळालेला पहिला मोठा थांबा दहा दिवसांचा आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना शिबिरांचे मुख्य केंद्र धम्मगिरी इथल्या टेकडीवर उभे राहिले आणि १९७६ पासून तिथे शिबिरे भरू लागली. देशविदेशातून येणारा साधक इगतपुरीला उतरतो, पण उतरल्यावर दहा दिवस मौन पाळतो आणि बाहेर पडत नाही. गावाला रिक्षाचे भाडे, काही खोल्यांचे भाडे आणि जगाच्या नकाशावर नाव मिळाले. दुसरा थांबा पावसाळी शनिवार-रविवारचा. भावली, त्रिंगलवाडी, वैतरणेचा परिसर आणि धबधबे यांच्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे मोटारीने येतात, रिसॉर्टवर राहतात आणि गावात न शिरता परत जातात. याच मुलखात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात, ही गोष्ट रिसॉर्टच्या खिडकीतून दिसत नाही.

आता रस्त्याचा थांबाही सुटू लागला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या टप्प्यात इगतपुरी आणि कसारा यांच्यामध्ये डोंगर पोखरून सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा केला आहे. बैलगाडीला ज्या घाटात दिवस मोडावा लागे आणि मोटारीला वळणे मोजत जावे लागे, तो आता काही मिनिटांत खालून निघून जातो. घाटमाथ्यावर चहाला थांबण्याची सवय ज्या दमण्यातून आली ते दमणेच उरलेले नाही.

रेल्वेवरही तेच चालू आहे. २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे सुरू झालेल्या राजधानी एक्स्प्रेसला पुढे आणि मागे अशी दोन इंजिने लावून बँकरची गरजच काढून टाकली गेली. ही युक्ती जितक्या गाड्यांना लागू होईल तितक्या गाड्यांचे चार-पाच मिनिटांचे थांबे उडतील. कसारा ते मनमाड जादा मार्ग टाकण्याच्या आराखड्यांत चढण १०० ला १ इतकी सौम्य ठेवण्याचा आणि त्यासाठी लांब बोगदे करण्याचा विचार मांडला गेला आहे. तो अमलात आला तर १८६५ पासून चालत आलेले शेवटचे कारणही, म्हणजे घाटाचा चढ, नव्या मार्गावरून जाणाऱ्या गाड्यांपुरते संपेल.

जुन्या मार्गावर मात्र नियम अजून जुनाच आहे. रेल्वेच्या भाषेत मुंबईहून येणारी, घाट चढणारी गाडी ‘डाऊन’ आणि मुंबईकडे उतरणारी गाडी ‘अप’; नव्या माणसाला हे उलटे वाटते, इगतपुरीच्या पोराला ते पाळण्यात कळते. अप गाडी इगतपुरीला आली की शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेकचा दाब पोहोचतो आहे याची खात्री केल्याशिवाय तिला घाटात सोडत नाहीत. तोवर फलाटावरचा माणूस कढईतून काढलेले वडे कागदावर निथळत ठेवतो, खिडक्यांमधून पुढे आलेले हात मोजतो आणि गार्डचा हिरवा कंदील हलला की सुटे पैसे परत करता करता डब्याबरोबर चार पावले धावतो. पलीकडच्या रुळावर नुकत्याच सुटलेल्या गाडीचे बँकर एकमेकांना जोडून उभे असतात. अप गाडी पुढे गेली की त्यांनाही सिग्नल मिळतो आणि ते पुढच्या गाडीसाठी रिकामेच कसाऱ्याकडे उतरतात.